नाव पाठ होईपर्यंत घोडा रिटायर!

कल्पना करा. ऑगस्ट १९९०, मँचेस्टर. सतरा वर्षांचा सचिन तेंडुलकर पहिलं कसोटी शतक ठोकतो, हातातून गेलेली मॅच वाचवतो. सगळीकडे एकच नाव. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते की सचिन रिटायर झाला! दुखापत नाही, फॉर्म गेलेला नाही, कुणाशी वाद नाही. कारण एवढंच की तो मैदानात उतरण्यापेक्षा घरी बसला तर जास्त पैसे मिळणार आहेत.

क्रिकेटमध्ये असं काही झालं असतं तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. घोड्यांच्या शर्यतीत मात्र हे नेहमीचंच आहे. स्टार झाला रे झाला, की घरी.

‘आम्हाला काय त्याचं, आम्ही कुठे रेस खेळतो,’ असं म्हणून पान उलटू नका. मीही इंटर्नशिपमध्ये हा विषय मिळाला तेव्हा हेच म्हणाले होते. पण वाचत गेले तसं लक्षात आलं, की हा प्रश्न नुसत्या घोड्यांचा नाही. एखादा खेळ आपल्या चाहत्यांना कसा गमावतो आणि चाहते गेल्यावर त्याचं काय होतं, याचा हा अगदी स्वच्छ नमुना आहे. त्याचं एक टोक महालक्ष्मीच्या रेसकोर्सपर्यंत येतं. तिथे आपण शेवटी जाऊ. आधी अमेरिकेत जाऊ, कारण तिथे हा आजार सगळ्यात मोठ्या आकड्यांत दिसतो.

सहा शर्यती, टाटा बाय बाय

५ नोव्हेंबर २०२२. केंटकी राज्यातलं कीनलँड रेसकोर्स. ब्रीडर्स कप क्लासिक ही अमेरिकेतली वर्षाअखेरची सगळ्यात मोठी शर्यत. फ्लाइटलाइन नावाच्या चार वर्षांच्या घोड्याने ती सव्वाआठ लांबीने जिंकली. (एक लांबी म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा. म्हणजे मध्ये आठ घोडे उभे राहतील एवढं अंतर!) त्याआधीची, सप्टेंबरमधली पॅसिफिक क्लासिक तर त्याने सव्वाएकोणीस लांबीने मारली होती. एकूण सहा शर्यती, सहाही जिंकलेल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जाहीर केलं, फ्लाइटलाइन रिटायर होतोय. आणखी एका दिवसाने त्याच्या मालकीतला फक्त अडीच टक्के हिस्सा लिलावात निघाला. तो ४६ लाख डॉलरला गेला. या दराने अख्ख्या घोड्याची किंमत होते १८ कोटी ४० लाख डॉलर.

त्याच्या चार वर्षं आधीचा जस्टिफाय घ्या. अमेरिकेत केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती एकाच मोसमात जिंकल्या की त्याला ट्रिपल क्राउन म्हणतात. आजवर फक्त १३ घोड्यांना ते जमलंय. जस्टिफाय त्यातला तेरावा. तो पहिल्यांदा धावला १८ फेब्रुवारी २०१८ ला आणि बेलमाँट जिंकला ९ जूनला. चार महिनेही झाले नव्हते. जुलैत तो रिटायर. त्याच्याही सहाच शर्यती. तुमची एक सेमिस्टर संपते त्याहून कमी काळात या घोड्याचं करिअर सुरू होऊन संपलं.

गणित पाहा, राग मालकावर निघणार नाही

हे का होतं? उत्तर साधं आहे. शर्यतीच्या पैशापेक्षा पैदाशीचा पैसा मोठा आहे.

शर्यतीत धावणारे हे घोडे थरोब्रेड जातीचे. जिंकलेल्या नर घोड्याला स्टड फार्मवर ठेवतात. तिथे लोक आपापल्या घोड्या घेऊन येतात आणि प्रत्येक शिंगरामागे फी देतात. फ्लाइटलाइनची पहिल्या वर्षीची फी होती २ लाख डॉलर. वर्षाला १५० घोड्या धरल्या तर झाले ३ कोटी डॉलर. एका वर्षात! आणि हे पुढे कितीतरी वर्षं चालू शकतं.

आता दुसरी बाजू. ज्या शर्यतीत तो एवढा गाजला तिचं एकूण बक्षीस ६० लाख डॉलर, विजेत्याच्या वाट्याला त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त. जगातली सगळ्यात श्रीमंत शर्यत म्हणजे सौदी कप. तिचं बक्षीस २ कोटी डॉलर, विजेत्याला १ कोटी. म्हणजे सौदी कप एकाच वर्षात तीनदा जिंकला तर कुठे स्टडची बरोबरी होईल. त्यात प्रत्येक शर्यतीत पाय मोडण्याची धास्ती, हरला तर किंमत उतरण्याची भीती, आणि एवढ्या महागड्या जनावराचा विमा. तुम्ही मालक असतात तर काय केलं असतं? खरं सांगा. मी तरी त्याला घरीच ठेवलं असतं.

म्हणून मालक हावरट आहेत असं म्हणून विषय संपत नाही. मालक नियमांप्रमाणे शहाणपणानेच वागतोय. नियमच असे आहेत की त्याचं शहाणपण आणि खेळाचं भलं यांची तोंडं दोन दिशांना आहेत.

हे रडगाणं आजचंही नाही. १९७३ मध्ये बेलमाँट तब्बल ३१ लांबीने जिंकणारा सेक्रेटेरिएट हा अमेरिकेचा सगळ्यात लाडका घोडा. त्याच्या त्या गाजलेल्या मोसमाआधीच त्याचे पैदाशीचे हक्क ६० लाख ८० हजार डॉलरला विकले गेले होते. अट एकच होती. तीन वर्षांचा मोसम संपला की धावणं बंद.

घोडी आणि खच्ची घोडा का टिकतात?

गणिताचा हा खुलासा खरा आहे की नाही, हे तपासायची एक सोपी रीत आहे. ज्या घोड्यांना स्टडचा पैसा मिळूच शकत नाही त्यांच्याकडे बघा. ते जास्त वर्षं धावतात का?

धावतात.

घोडीला वर्षाला एकच शिंगरू होतं. त्यामुळे तिला घाईने घरी बसवण्यात तेवढा फायदा नाही. ऑस्ट्रेलियाची विंक्स २०१९ मध्ये रिटायर झाली तेव्हा ती सात वर्षांची होती. ४३ शर्यती, ३७ विजय, त्यातले शेवटचे ३३ सलग! कॉक्स प्लेट ही तिथली मानाची शर्यत तिने ओळीने चार वर्षं जिंकली. अमेरिकेची झेन्याटा सहाव्या वर्षापर्यंत धावली. २० पैकी १९ शर्यती जिंकली आणि शेवटची फक्त डोक्याएवढ्या फरकाने हरली.

खच्ची केलेल्या घोड्याचा तर स्टडशी संबंधच संपलेला. जॉन हेन्री नावाच्या घोड्याला लहानपणी ११०० डॉलरला विकलं होतं. तो ८३ शर्यती धावला आणि १९८४ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, अमेरिकेचा ‘हॉर्स ऑफ द इयर’ ठरला.

आणि हाँगकाँग. तिथे घोड्यांची पैदास होतच नाही, सगळे घोडे बाहेरून येतात आणि जवळपास सगळे खच्ची केलेले असतात. त्यामुळे तिथला स्टार रातोरात गायब होत नाही. गोल्डन सिक्स्टी तिथे ३१ शर्यती धावला, २६ जिंकला. शहराने त्याला वर्षानुवर्षं पाहिलं, त्याची वाट पाहिली, तो हरला तेव्हा हळहळले. २००३ मध्ये सार्सच्या साथीने शहर खचलं होतं, त्याच सुमारास सायलेंट विटनेस नावाच्या घोड्याने सलग १७ शर्यती जिंकत लोकांना पुन्हा मैदानावर आणलं. सहा शर्यतींत रिटायर झाला असता तर हे झालं असतं का?

फॅन व्हायला वेळ लागतो, बॉस

इथे मुद्द्यावर येऊ. आपण एखाद्या खेळाडूचे फॅन कधी होतो? तो जिंकतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, बस. फॅन होतो तो नंतर. तो हरतो, जखमी होतो, परत येतो, जुन्या प्रतिस्पर्ध्याला पुन्हा भिडतो तेव्हा. फॅन व्हायला आठवण लागते आणि आठवण तयार व्हायला दोन-चार वर्षं लागतात.

सीबिस्किटची गोष्ट बघा. १९३० च्या दशकातली अमेरिका, मंदी, बेकारी. हा बुटका घोडा पहिल्या १७ शर्यतींत एकदाही जिंकला नाही. पण तो धावत राहिला. एकूण ८९ शर्यती. १९३८ मध्ये त्याने वॉर अ‍ॅडमिरल या ट्रिपल क्राउनवाल्या घोड्याला समोरासमोर हरवलं तेव्हा अख्खा देश रेडिओला कान लावून बसला होता. आजच्या हिशेबात तो कुणाच्या लक्षातही आला नसता.

‘हे जुन्या काळातलं झालं’ म्हणाल, तर अलीकडचं उदाहरण देते. २०२४ ची केंटकी डर्बी. सिएरा लिओन दुसरा आणि जपानहून आलेला फॉरएव्हर यंग तिसरा, दोघेही अक्षरशः नाकभर फरकाने हरले. ज्याच्यावर सगळ्यांनी पैसे लावले होते तो फिअर्सनेस पंधरावा! त्याच वर्षी ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये तिघे पुन्हा समोर आले. सिएरा लिओन पहिला, फिअर्सनेस दुसरा, फॉरएव्हर यंग तिसरा. पण या वेळी वेगळं घडलं. तिघांच्याही मालकांनी आपले घोडे चौथ्या वर्षी ट्रॅकवर ठेवले. १ नोव्हेंबर २०२५ ला तीच शर्यत, तेच मैदान, तेच तिघे. आणि यंदा फॉरएव्हर यंग पहिला, सिएरा लिओन दुसरा, फिअर्सनेस तिसरा. क्लासिक जिंकणारा तो जपानमध्ये तयार झालेला पहिला घोडा. मी ही शर्यत नंतर यूट्यूबवर पाहिली आणि निकाल माहीत असूनही खुर्चीतून उठून उभी राहिले. कारण आता मला तिघांचाही भूतकाळ माहीत होता.

जपानचा विषय निघालाच आहे तर तुमच्यातल्या अ‍ॅनिमेवाल्यांना ‘उमा मुसुमे’ ठाऊक असेल. खऱ्याखुऱ्या घोड्यांच्या नावाची पात्रं असलेला तो मोबाइल गेम जपानमध्ये २०२१ ला आला आणि २०२५ मध्ये इंग्रजीत. त्यातलं एक नाव हारू उरारा. ही खरी घोडी कोची शहरात ११३ शर्यती धावली आणि एकही जिंकली नाही. एकही! २००३-०४ मध्ये ती जपानची लाडकी झाली. तिच्यावर लावलेलं तिकीट कधीच ‘लागत’ नाही, म्हणून लोक ते गाडीत ठेवायचे, गाडीलाही काही लागू नये म्हणून. गेम इंग्रजीत आल्यावर जगभरातल्या पोरांनी या म्हाताऱ्या घोडीसाठी चाऱ्याचे पैसे पाठवले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती गेली, २९ वर्षांची होऊन. तिला ट्रॅकवर कधीच न पाहिलेले लोक त्या दिवशी हळहळले.

जपानमध्ये आणखी एक गंमत आहे. डिसेंबरमधल्या अरिमा किनेन या शर्यतीत कोणते घोडे धावावेत, यासाठी चाहते मतदान करतात. १९५६ पासून. चाहत्याला पैसे लावण्याखेरीजही काही काम असू शकतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पण जास्त धावणं म्हणजे जास्त छळ नाही का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. मलाही सगळ्यात जास्त हाच टोचत होता. जनावराला मत नसतं. त्याला अजून दोन वर्षं पळवा असं आपण फॅन म्हणून म्हणणं सोपं आहे, पाय त्याचा मोडणार आहे. कॅलिफोर्नियाच्या सँटा अनिता रेसकोर्सवर २०१८-१९ च्या एकाच मोसमात ३० घोडे मेले. त्या बातमीनंतर अनेकांनी शर्यत बघणंच सोडलं आणि ते चूक होते असं मी म्हणणार नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. जास्त वर्षं धावणं आणि जास्त वेळा धावणं एक नव्हे. १९६० मध्ये अमेरिकेतला घोडा वर्षाला सरासरी ११ हून जास्त शर्यती धावायचा. आज हा आकडा ६ च्या आसपास आहे. तिकडे परत जा असं कुणी म्हणत नाही. गोल्डन सिक्स्टीच्या ३१ शर्यती सहा मोसमांत विभागलेल्या होत्या.

दुसरं, जोखीम कमी करता येते, हे आता आकड्यांत दिसतंय. अमेरिकेत २०२० च्या शेवटी घोड्यांच्या सुरक्षेसाठी देशभर लागू होणारा कायदा झाला. २०२२ पासून ट्रॅकची तपासणी, शर्यतीआधी पशुवैद्यकाची तपासणी आणि २०२३ पासून औषधांवर नियंत्रण या गोष्टी एकसारख्या झाल्या. २००९ मध्ये दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. २०२४ मध्ये या कायद्याखालच्या ट्रॅकवर हे प्रमाण ०.९० वर आलं. शून्य नाही. पण निम्म्याहून कमी.

आणि एक उलटा विचारही करून बघा. आज बाजार कशाला बक्षीस देतो? लवकर तयार होणाऱ्या, थोडक्यात चमकणाऱ्या घोड्याला. त्याचीच शेकडो पिल्लं पुढे येतात. ज्याचे पाय सहा-सात वर्षं टिकले त्याच्या मजबुतीला बाजारात किंमतच नाही. सहा शर्यतींत घरी गेलेल्या घोड्याची हाडं किती दणकट होती, हे कुणाला कळणार? टिकाऊपणाला पैसे मिळाले तर टिकाऊ घोड्यांची पैदास होईल. म्हणजे लांब करिअर आणि जनावराचं भलं या एकमेकांच्या विरोधातल्या गोष्टी असायलाच हव्यात असं नाही. अट एकच, धावायचं की थांबायचं हे पशुवैद्यकाने ठरवायचं, मालकाने किंवा चाहत्यांनी नव्हे.

मग करायचं काय?

बक्षिसं वाढवा, असं पहिल्यांदा सुचतं. पण वरचं गणित आठवा. नुसत्या बक्षिसांनी ३ कोटी डॉलरची दरी भरत नाही. दुसऱ्या बाजूचा पैसा थोडा उशिरा आणि थोडा कमी यायला हवा.

एक प्रयत्न झालाही. अमेरिकेत थरोब्रेड घोड्यांची जन्मनोंद जॉकी क्लब ही संस्था ठेवते. २०२० मध्ये तिने नियम केला, की २०२० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या नराकडे वर्षाला १४० पेक्षा जास्त घोड्या न्यायच्या नाहीत. कारण दिलं होतं आनुवंशिक विविधतेचं, सगळी शिंगरं मोजक्याच बापांची होत चालली होती. पण त्याचा परिणाम स्टडच्या कमाईवरही झाला असता. केंटकीतल्या बड्या स्टड फार्मनी कोर्टात धाव घेतली, राज्याच्या विधिमंडळात नियमाविरुद्ध विधेयक आलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जॉकी क्लबने नियम मागे घेतला. खेळात खरी ताकद कुणाकडे आहे, ते यातून कळतं.

मला स्वतःला दुसरी एक सूचना जास्त पटते. वयाची अट. बाप पाच वर्षांचा होण्याआधी झालेल्या संबंधातून जन्मलेल्या शिंगराची नोंदच करायची नाही. नोंद नाही म्हणजे ते शिंगरू शर्यतीत धावू शकत नाही, म्हणजे त्याला किंमत नाही. मग तीन वर्षांच्या स्टारला घरी बसवून मालक काय करणार? दोन वर्षं नुसता चारा घालणार? धडधाकट असेल तर धावूच देईल.

‘असा नियम कोण मानणार?’ अहो, याहून कडक नियम सगळं जग आजही मानतं! थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतच नाही. गायी-म्हशींमध्ये सर्रास चालतं ते इथे केलं तर शिंगराची नोंद होत नाही, जगात कुठेही नाही. ऑस्ट्रेलियात याला कोर्टात आव्हान दिलं गेलं, २०१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. म्हणजे नोंदवहीच्या जोरावर अख्ख्या धंद्याला शिस्त लावता येते. मात्र हे एका देशाने करून भागणार नाही. अमेरिकेने एकटीने केलं तर घोडा आयर्लंडला किंवा जपानला जाईल. नोंदवह्या ठेवणाऱ्या सगळ्या देशांना मिळून करावं लागेल. म्हणून ते अवघड आहे, अशक्य नाही.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी. चार, पाच, सहा वर्षांच्या घोड्यांसाठी वाढत्या बक्षिसांची मालिका, म्हणजे परत येणाऱ्याला दरवर्षी जास्त. आणि स्टड फीमधला ठरावीक वाटा निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी. कारण फ्लाइटलाइनचं म्हातारपण सुखातच जाणार. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

आणि आपलं महालक्ष्मी

आता घरी येऊ. या लेखासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा महालक्ष्मीला रेस बघायला गेले. आजूबाजूला बहुतेक सगळे माझ्या आजोबांच्या वयाचे. हातात पुस्तिका, कानामागे पेन. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘कुठला लावलास?’ म्हटलं, ‘नाही काका, नुसती बघायला आलेय.’ ते हसायलाच लागले. ‘बघायला? इथे बघायला कोण येतं, बाळा?’

मग गप्पा निघाल्या. सत्तरच्या दशकातला स्क्वाँडरर, पुढे एल्यूसिव्ह पिंपरनेल, काका घरच्या माणसासारखे त्यांच्याबद्दल बोलत होते. कोण कसा वळण घ्यायचा, कोण शेवटच्या फर्लांगात कसा सुटायचा. मी विचारलं, ‘आणि गेल्या वर्षीची डर्बी कोणी जिंकली?’ काकांनी पुस्तिका उघडली.

एका माणसाच्या आठवणीवरून सिद्धांत मांडू नये, हे मला पत्रकारितेच्या पहिल्याच वर्षात शिकवलंय. आणि आपल्याकडे स्टडचा पैसा केंटकीएवढा नाही, हेही खरं. पण ते पुस्तिकेचं पान काही माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण चाहते नसलेल्या खेळाची जमीन पायाखालून सरकते आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. सिंगापूरमध्ये १८० हून जास्त वर्षांची शर्यतींची परंपरा ५ ऑक्टोबर २०२४ ला संपली. रेसकोर्सची जागा सरकारला घरांसाठी हवी होती. मकाऊमध्ये त्याच वर्षी शर्यती कायमच्या बंद झाल्या. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर मोकळ्या उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे आणि ९१ एकर टर्फ क्लबकडे, असा तोडगा २०२४ मध्ये निघाला. मुंबईला मोकळी जागा हवीच आहे, मी उद्यानात आनंदाने जाईन. पण उद्या उरलेल्या ९१ एकरांचा प्रश्न आला तर ‘हा आमचा खेळ आहे’ म्हणायला किती जण उभे राहतील? त्यात पैजेच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी २०२३ मध्ये २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. पैसे लावणाऱ्यांवरच खेळ चालवायचा म्हटलं तर हा रस्ता दरवर्षी अरुंद होत जाणार. बघायला येणारे लागतील.

बघणारे मिळत नाहीत असं मात्र नाही. आपल्याच गावाकडची बैलगाडा शर्यत बघा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला कायमची वाट मोकळी करून दिली आणि आज ‘बकासूर’ बैलाचं नाव ठाऊक नसलेलं पोरगं आमच्या हॉस्टेलात सापडणार नाही. त्याच्या रील्स, त्याची स्टेटस, ‘कोण हरवणार त्याला’ यावरून मेसमध्ये होणारी भांडणं! तिथेही पैजा, जनावरांचे हाल, नियम मोडणं हे सगळे प्रश्न आहेतच. पण एक गोष्ट घाटावरच्या माणसाला कळलीय. आवडता बैल पुढच्या जत्रेला परत यायला हवा, म्हणजे लोकही येतात.

जाता जाता एक गोष्ट. पुण्याच्या पूनावाला घराण्याचा मूळ व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा. त्यांचे निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून औषधी सीरम बनायचं. ते आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. तुम्ही-आम्ही कोविडची जी लस घेतली तिचं मूळ असं एका तबेल्यापर्यंत जातं. घोडा धावायचा थांबला म्हणून त्याची गोष्ट संपत नाही, हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार?

या सगळ्यातून तुम्ही रेस खेळायला लागा असं मला अजिबात म्हणायचं नाही. पॉकेटमनी जपून वापरा! पण एखाद्या रविवारी मोसम चालू असताना एकदा नुसतं बघायला जा. एक घोडा निवडा. त्याचं नाव लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी तो परत आलाय का, ते बघा.

आला असेल, तर या खेळाला अजून आशा आहे.